परसातल्या तळ्याची पहाट सांभाळा

परसातल्या तळ्यात मासे दगावतात ते बहुतेक वेळा पहाटे. आदल्या संध्याकाळी ते खाण्यावर तुटून पडलेले असतात, पाणीही चांगलं दिसत असतं, आणि सकाळी उठून पाहावं तर सगळ्यांत मोठे मासे उलटे तरंगत असतात. घरचे मग कुणी पाण्यात काही टाकलं का, शेजारच्या फवारणीचं औषध उडालं का, रोग आला का, असे तर्क करत बसतात. तसं कधी घडतंही. पण मोठे मासे आधी मेले असतील, लहान अजून हिंडत असतील आणि मेलेल्यांची तोंडं उघडी, कल्ले पसरलेले असतील, तर पाण्यातला प्राणवायू रात्रीत संपला असं समजायला हरकत नाही. विषाने सहसा लहान मासे आधी जातात, प्राणवायूच्या टंचाईत मोठे.

माशाला लागणारा प्राणवायू पाण्यात विरघळलेला असतो, आणि तो फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, २५ अंश सेल्सिअसला, मावेल तेवढा मावला तरी सव्वाआठ मिलिग्रॅमच. पाणी तापलं की ही मर्यादाही खाली येते: ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सात. उलट तापमान दहा अंशांनी वाढलं की माशाची गरज जवळजवळ दुप्पट होते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये उघड्यावरच्या उथळ टाक्यांतलं पाणी दुपारी ३५ अंशांच्या सहज पुढे जातं. म्हणजे गरज सगळ्यांत जास्त असते त्याच दिवसांत साठा सगळ्यांत कमी असतो. (महाबळेश्वरसारख्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून ही मर्यादा आणखी १५ टक्क्यांच्या आसपास खाली येते, पण तिथलं पाणी थंड असल्याने ती तूट बरीचशी भरून निघते.) रोहू, कटला, मृगळ, कोई या माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक मिळालं की ते सुखात असतात. ३ च्या खाली गेलं की खाणं मंदावतं आणि रोग लवकर धरतात. १ च्या आसपास मोठे मासे टिकत नाहीत.

दिवसा उन्हात शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात. हिरव्या पाण्याच्या तळ्यात दुपारी तीनच्या सुमारास तो १० ते १२ मिलिग्रॅमपर्यंतही चढतो. सूर्य मावळला की तेच शेवाळ प्राणवायू घ्यायला लागतं. मासे घेतात, तळाचा गाळ कुजवणारे जिवाणू घेतात, माशांच्या विष्ठेतला अमोनिया निरुपद्रवी करणारे जिवाणूही घेतात. रात्रभर नुसता खर्च, आणि जमा म्हणाल तर पाण्याच्या पृष्ठभागातून जेवढी आत येईल तेवढीच. साठा सगळ्यांत कमी होतो तो सूर्योदयाच्या थोडा आधी. म्हणून तळ्याची तब्येत दुपारी पाहू नका. उजाडायच्या आधी टॉर्च घेऊन जा आणि काठाशी दोन मिनिटं शांत उभे राहा. मासे पृष्ठभागाला तोंड लावून एकसारखी उघडझाप करतात का? पाणी पडतं त्या जागी गर्दी करून आहेत का? पावलांचा आवाज झाला तरी खाली जात नाहीत का? गोगलगायी पाणी सोडून काठावर चढल्या आहेत का? यांतलं काहीही दिसलं तर तळ्याला रात्र झेपत नाही. मरळ, मागूर आणि शिंगी यांना मात्र हा नियम लावू नका. ते थेट हवेतून श्वास घेणारे मासे आहेत, त्यांचं वर येणं नेहमीचंच. त्यांच्यासाठी पृष्ठभाग मोकळा ठेवला म्हणजे झालं. (थाई मागूर पाळायला आपल्या देशात बंदी आहे, तो विकत घेऊ नका.)

पंप कुठला घ्यावा, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: पंप बंद पडला तर तुमचं तळं रात्र काढेल का? १० फूट लांब, साडेसहा फूट रुंद, सव्वातीन फूट खोल तळं धरा. त्यात साधारण ६,००० लिटर पाणी मावतं. संध्याकाळी लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर एकूण साठा झाला ४२ ग्रॅम. उबदार पाण्यात एक किलो वजनाचे मासे तासाला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू घेतात असं धरून चाला. तळ्यात १० किलो मासे असतील तर बारा तासांत ३६ ग्रॅम संपले. पहाटे उरले ६ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम. त्याच तळ्यात ४ किलो मासे असते तर साडेचौदा ग्रॅमच्या आत भागलं असतं आणि पहाटे लिटरमागे साडेचारच्या वर उरलं असतं. या हिशेबात शेवाळाचा आणि गाळाचा खर्च नाही, वाऱ्याने पडणारी भरही नाही. पण कुठे थांबायचं ते यातून पुरेसं कळतं. फूटभर लांबीचा कोई अर्ध्या किलोच्या जवळपास भरतो, तेव्हा एवढ्या तळ्याला असे आठ-नऊ कोई पुष्कळ झाले. बोटभर पिल्लं आणताना हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवा, कारण ती बोटभर राहणार नाहीत. पंपाच्या भरवशावर मासे वाढवत जाणं मला पटत नाही. पंप हा आधार असावा, तळ्याचा एकुलता एक खांब नसावा.

आता पंपाकडे येऊ. बुडबुड्यांतून प्राणवायू पाण्यात शिरतो हे खरं, पण साडेतीन फूट खोलीतून वर यायला बुडबुड्याला दोन-तीन सेकंदच लागतात. तेवढ्यात तो फार देऊन जात नाही. त्याचं मोठं काम वेगळं आहे: वर येताना तो तळाचं पाणी सोबत उचलून आणतो. ते पाणी पृष्ठभागावर पसरतं, हवेला भिडतं आणि तिथे प्राणवायू घेतं. स्थिर पाण्यात प्राणवायू अतिशय मंद गतीने खाली झिरपतो, हवेत पसरतो त्याच्या हजारो पटींनी मंद. म्हणून पाणी हललं पाहिजे, वरचं खाली आणि खालचं वर गेलं पाहिजे. ही गोष्ट लक्षात आली की साधनं निवडणं सोपं होतं. दिसायला सुंदर पण वरचंच पाणी वर उडवणारं कारंजं खोल तळ्याच्या तळापर्यंत काहीच पोचवत नाही. एका टोकाकडून पाणी उचलून दुसऱ्या टोकाला दगडांवरून फुटत फुटत पाडणारा फूट-दीड फुटाचा लहानसा धबधबा मात्र उत्तम काम करतो. तासा-दोन तासांत तळ्यातलं सगळं पाणी एकदा फिरेल असा पंप त्यासाठी लागतो. हा पंप अगदी तळाशी ठेवू नका, मध्यावर टांगा. वरचा पाइप निसटला आणि पाणी बाहेर वाहून गेलं तरी निम्मं तळं माशांना उरतं.

धबधबा नको असेल तर हवेचा पंप घ्या. वर सांगितलेल्या ६,००० लिटरच्या तळ्याला मिनिटाला ४० लिटर हवा देणारा डायफ्रामचा पंप पुरतो. असा पंप ३०-४० वॅट वीज घेतो, म्हणजे चोवीस तास चालवला तरी दिवसाला एका युनिटच्या आत. फिशटँकसाठी मिळणारे लहान पंप इथे उपयोगाचे नाहीत. तीन फूट पाण्याच्या दाबाखाली त्यांची हवा निम्मीही बाहेर पडत नाही. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवा. खाली ठेवावा लागलाच तर नळीत एनआरव्ही बसवा, नाहीतर वीज जाताच पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. एका मोठ्या एअर स्टोनऐवजी दोन-तीन मध्यम घ्या आणि तळापासून वीतभर वर ठेवा. अगदी तळाला टेकवले तर गाळ ढवळला जातो. बोअरच्या जड पाण्याने या दगडांवर क्षार बसतात आणि बुडबुडे मोठे, मोजके होत जातात. ते काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावेत, घासून, स्वच्छ धुऊन पुन्हा लावावेत. पंपाचा डायफ्राम झिजणारा भाग आहे. एक जादा घरात असू द्या, कारण तो फाटतो तेव्हा दुकान बंद असण्याची शक्यता मोठी.

कूलरचा पंप वापरून तळ्यात कारंजं करण्याची पद्धत आपल्याकडे बरीच आहे. कूलरचा हंगाम संपला की तो पंप रिकामाच असतो, म्हणून हे सुचणं स्वाभाविक आहे. पण त्यातल्या कित्येक स्वस्त पंपांचं इन्सुलेशन वर्षानुवर्षं पाण्यात बुडून राहण्यासाठी केलेलं नसतं. तळ्यात वीज नेणार असाल तर त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी स्विच बंद. घरात लहान मुलं असतील तर ही गोष्ट माशांच्याही आधी करा.

सौर कारंज्याबद्दल उत्साहाने विचारलं जातं. बॅटरी नसलेलं सौर कारंजं भर उन्हात चालतं, तेव्हा तळ्यात प्राणवायू मुबलक असतो. ढगाळ दिवशी ते रडतखडत चालतं आणि रात्री बंदच असतं. घ्यायचं तर बॅटरीसह घ्या. विजेची बचत करायची असेल तर तीही दिवसा करा: पंप रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत अखंड आणि दुपारी दोनच्या सुमारास तासभर चालू ठेवा. दुपारच्या त्या तासाने वरच्या थरात साठलेला प्राणवायू तळापर्यंत पोचतो. मासे दाट असतील किंवा उन्हाळा असेल तर ही बचत करू नका.

पंप लागण्याआधीच खर्च कमी करता येतो, आणि त्यातली मोठी बाब म्हणजे खाद्य. न खाल्लेला प्रत्येक दाणा तळाशी कुजतो आणि कुजताना प्राणवायू खातो. पाच मिनिटांत संपेल तेवढंच खाद्य टाका, आणि ते सकाळी नऊ-दहानंतर, ऊन वर आल्यावर. संध्याकाळी उशिरा पोटभर खाऊ घातलेला मासा पचनासाठी जास्त प्राणवायू घेतो, तोही नेमका रात्री. संध्याकाळी कामावरून आल्यावर माशांना खायला घालण्यात आनंद असतो, हे मला ठाऊक आहे. तरी ते काम सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी आटोपणं चांगलं. तळ्यावर आंबा, गुलमोहर, बदाम यांची पानं पडत असतील तर वरून जाळी ताणा. निर्माल्य तळ्यात टाकू नका. फुलं कुजतात, आणि त्यांच्यासोबत आलेल्या तेला-तुपाचा तवंग पृष्ठभागावर पसरून हवेची वाटच अडवतो. कमळ आणि कुमुदिनी जरूर लावा, त्यांच्या सावलीने पाणी थंड राहतं. पण पानांनी एक तृतीयांशापेक्षा जास्त पृष्ठभाग झाकला जाऊ देऊ नका. जलपर्णी तळ्यात आणूच नये. अझोला वाढवायचा तर वेगळ्या टबात वाढवा. उन्हाळ्यात पश्चिमेकडून हिरवी शेडनेट लावली तर पाणी काही अंशांनी उतरतं, आणि तो फायदा थेट पहाटेच्या साठ्यात दिसतो.

पाणी किती हिरवं असावं, हे आपल्या हातानेच मोजता येतं. सकाळी दहाच्या उन्हात हात सरळ खाली पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसत राहिला आणि मग दिसेनासा झाला, तर ठीक. मनगट बुडायच्या आधीच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त झालंय. अशा वेळी दुकानदार मोरचूद देतात. मोरचुदाने शेवाळ मरतं हे खरं, पण एकदम मेलेलं शेवाळ दोन दिवस कुजत राहतं, प्राणवायू देणारं कुणी उरत नाही, आणि तिसऱ्या पहाटे मासे मरतात. मोरचूद माशांनाही विषारी आहे, मऊ पाण्यात अधिकच. त्यापेक्षा धाग्याचं शेवाळ काठीला गुंडाळून हाताने काढा. पाणीच हिरवं असेल तर दर आठवड्याला पाचवा हिस्सा बदला, खाद्य कमी करा, सावली वाढवा. बदलण्याचं पाणी बोअरचं असेल तर ते बारीक धारांनी उंचावरून पाडा. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. नळाचं पाणी क्लोरिनचं, म्हणून ते एक दिवस उघड्या टाकीत ठेवून मग वापरा.

मोजमापाची आवड असेल त्यांनी प्राणवायू तपासण्याचं लहान किट घ्यावं. लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर ही किटं चालतात. बाटली बुडबुडा राहू न देता काठोकाठ भरायची, दोन द्रावणं घालायची. प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. पुढच्या थेंबांवरून आकडा मिळतो. एकदा उजाडण्यापूर्वी आणि एकदा दुपारी तीनला मोजा. पहाटे ३ आणि दुपारी १२ असा फरक आला तर दुपारच्या १२ वर खूश होऊ नका, तो शेवाळ माजल्याचा पुरावा आहे.

वर्षातली सगळ्यांत धोक्याची रात्र माझ्या दृष्टीने वळवाच्या पावसाची. मे महिन्यात दिवसभर तापलेलं वरचं पाणी हलकं होऊन तळ्यावर थर करून बसतं, खालचं पाणी प्राणवायू संपवून निपचित पडलेलं असतं. संध्याकाळी वादळ येतं, थंड पाऊस कोसळतो, थर उलटतात आणि तळाचं पाणी गाळातल्या वायूंसह वर येतं. सडलेल्या अंड्यांसारखा वास आला तर समजावं की हायड्रोजन सल्फाइड आहे. त्याच वादळात वीज गेलेली असते, आणि अंगणातली वर्षभराची धूळ, पालापाचोळा, बागेतलं खत वाहून तळ्यात उतरतं. चार गोष्टी एका रात्रीत घडतात. तयारी आधीच करायला हवी. एप्रिल संपण्यापूर्वी तळाचा गाळ उपसून काढा, एकदम सगळा नव्हे, निम्मा-निम्मा. तळ्याचा काठ अंगणापेक्षा चार बोटं उंच करा. छपराच्या पन्हाळीचं पहिल्या पावसाचं पाणी दुसरीकडे वळवा. पंप मात्र सुरुवातीपासून नियमित चालवा, म्हणजे थर तयारच होत नाहीत. वर्षभर न ढवळलेल्या खोल तळ्यात नवा पंप आणून पहिल्याच दिवशी जोरात सुरू केला तर वळीव जे करतो तेच पंप करतो. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, असं आठवडाभर वाढवत न्या. श्रावणातल्या सलग ढगाळ दिवसांत धोका वेगळा असतो: शेवाळाला ऊन मिळत नाही, दिवसा भर पडत नाही, रात्रीचा खर्च चालूच राहतो. दोन दिवस सूर्य दिसला नाही की खाद्य बंद आणि पंप दिवसरात्र चालू.

वीज जाईल तेव्हासाठी १२ व्होल्टचा लहान डीसी हवेचा पंप आणि ७ अँपिअर-अवरची बॅटरी घरात ठेवा. पाच वॅटचा पंप त्यावर आठ-दहा तास चालतो. मोठ्या पंपाइतकी हवा तो देणार नाही, पण मासे कमी ठेवले असतील तर पहाट गाठायला तेवढी पुरते. तेही नसेल आणि मासे वर तोंड काढून असतील, तर बादलीने तळ्यातलंच पाणी उचलून खांद्याच्या उंचीवरून, शक्य असल्यास चाळणीतून, पुन्हा तळ्यात ओता. फवारणीचा पंप विष न वापरलेला, धुतलेला असेल तर त्याने पाणी उडवा. बांबूने पृष्ठभाग झोडपा, तळ मात्र ढवळू नका. खालच्या पाण्याचा चौथा हिस्सा काढून ताजं, क्लोरिन नसलेलं पाणी उंचावरून सोडा. बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या गोळ्या तास-दोन तासांची सोय करतात, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच टाका. ऊन चांगलं वर येईपर्यंत हे सोडू नका, आणि त्या दिवशी खाद्य देऊ नका. मासे पुन्हा हिंडू लागले तरी आठवडाभर लक्ष ठेवा. असा ताण सोसलेल्या माशांना बुरशी आणि जखमांचे रोग काही दिवसांनी गाठतात.

पाणी हलतं ठेवण्याचा घरातल्या माणसांनाही फायदा आहे. डेंग्यूचे डास स्थिर पाण्यालगत अंडी घालतात, खळबळत्या पाण्याकडे फिरकत नाहीत. तळ्याच्या एखाद्या शांत कोपऱ्यासाठी गप्पी मासे सोडा. अनेक ठिकाणी हिवताप विभागाकडून ते मोफत मिळतात.

शेवटी गावाला जाण्याबद्दल. गणपतीला किंवा दिवाळीला निघताना शेजाऱ्यांना खाद्याचा डबा देऊन जाण्याची चाल आहे. डबा देऊ नका. वाढलेले मासे आठवडाभर उपाशी आरामात राहतात, आणि प्रेमाने टाकलेल्या मूठभर खाद्याने पाणी बिघडतं. त्याऐवजी रोज सकाळी बुडबुडे येत आहेत ना, एवढंच बघायला सांगा, आणि बॅटरीचा पंप कसा लावायचा ते एकदा करून दाखवा. घर बंद करताना मेन स्विच पाडायची आपल्याला सवय असते, आणि त्यासोबत तळ्याचा पंपही बंद होतो. तळ्याची जोडणी वायरमनकडून वेगळ्या एमसीबीवर घ्या, आणि त्यावर ‘तळ्याचा पंप, बंद करू नये’ असं ठळक लिहून चिकटवा.